‘तुम्हाला कसं नाही कळलं?’ : रुग्ण आत्महत्येने जातो तेव्हा उपचार करणाऱ्यांचं काय होतं

आत्महत्येची बातमी आली की गल्लीत, सोसायटीत, नातेवाइकांत चौकशी सुरू होते. गेलेली व्यक्ती मानसोपचार घेत होती असं कळलं, की सगळ्यांची बोटं एकाच दिशेला वळतात. ‘डॉक्टरकडे जात होता ना? मग त्यांना कसं नाही कळलं?’ विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. कुणीतरी हे थांबवू शकलं असतं, असं मानण्यात त्यांना थोडा आधार मिळतो. पण तोच प्रश्न रात्री अडीच वाजता ते डॉक्टर, ती समुपदेशक, वॉर्डातली ती सिस्टर स्वतःलाही विचारत असतात, आणि तेव्हा त्या प्रश्नात आधार उरत नाही, नुसती धार उरते.

माझी एक मैत्रीण समुपदेशक आहे. तिच्याकडे सात महिने येणारा एक तरुण आत्महत्येने गेला, त्यानंतरच्या आठवड्यात ती मला म्हणाली, “त्याने शेवटच्या भेटीत जाताना ‘थँक यू मॅडम’ म्हटलं होतं. रोज म्हणायचा. पण मी आता त्या ‘थँक यू’चा कीस पाडत बसले आहे.” हा लेख तिच्यासारख्यांबद्दल आहे. शिवाय त्यांच्या आसपास असणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीही आहे, कारण आपण काय विचारतो आणि काय बोलतो त्यावर पुढचं बरंच ठरतं.

हे किती जणांच्या वाट्याला येतं? २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्कॉटलंडमधल्या कन्सल्टंट मानसोपचारतज्ज्ञांची एक पाहणी छापून आली. २४७ जणांनी उत्तरं दिली होती. त्यांतल्या १६७ जणांनी, म्हणजे ६८ टक्क्यांनी, उपचार चालू असलेला निदान एक रुग्ण आत्महत्येत गमावला होता. या १६७ पैकी साधारण एक-तृतीयांश जणांनी लिहिलं की झोप उडाली, मन खिन्न झालं, घरात चिडचिड वाढली. १५ टक्क्यांच्या मनात वेळेआधी निवृत्ती घ्यायचा विचार येऊन गेला होता. हे कुणी नवशिके नव्हते, वर्षानुवर्षं काम केलेले तज्ज्ञ होते. अमेरिकेत १९८८ साली छापलेल्या अशाच पाहण्यांमध्ये निम्म्याहून थोड्या अधिक मानसोपचारतज्ज्ञांनी आणि दर पाचांतल्या एकाहून थोड्या जास्त मानसशास्त्रज्ञांनी हा अनुभव सांगितला. त्यांतल्या जवळपास निम्म्या मानसोपचारतज्ज्ञांचा त्या आठवड्यांतला ताण, आई किंवा वडील गमावलेल्या माणसांच्या ताणाएवढा होता.

हृदयविकाराचा रुग्ण दगावला तर लोक म्हणतात, डॉक्टरांनी शर्थ केली. नैराश्यही जीवघेणा आजार आहे आणि काही रुग्ण त्यातही दगावतात. पण इथे ‘शर्थ केली’ असं म्हणायला कुणाची जीभ वळत नाही. (म्हणूनच मी ‘आत्महत्येने गेला’ असं लिहिते आहे. ‘केली’ म्हटलं की गुन्ह्याचा वास येतो, आणि मग आरोपी शोधायला वेळ लागत नाही.)

कळतं का?

एक हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. समजा एका जिल्ह्याच्या मानसोपचार ओपीडीत वर्षभरात १,००० रुग्ण येतात आणि त्यांतले ५ जण त्या वर्षात आत्महत्येने जातात. आपल्याकडे एक चांगली चाचणी आहे असं धरू. जे जाणार आहेत त्यांतल्या ८० टक्के लोकांना ती बरोबर ओळखते, आणि जे जाणार नाहीत त्यांतल्याही ८० टक्के लोकांना ती बरोबर ‘धोका नाही’ म्हणते. ऐकायला फार छान.

आता ती चाचणी सगळ्यांना लावा. ५ पैकी ४ जण सापडले, १ सुटला. पण उरलेल्या ९९५ जणांपैकी २० टक्के, म्हणजे १९९ जणांवरही ‘धोका’ असा शिक्का बसला. तुमच्यासमोर आता २०३ माणसं आहेत, त्यांतले ४ खरोखर त्या वाटेवर आहेत आणि कोणते चार हे चाचणी सांगत नाही. २०३ जणांना वर्षभर वॉर्डात ठेवणार? आणि जो पाचवा ‘धोका नाही’ म्हणून घरी गेला, त्याच्या केस पेपरवर सही कुणाची आहे?

प्रत्यक्षात इतकी चांगली चाचणी कुणाकडेच नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून तपासले. आधीचा प्रयत्न, निराशा, व्यसन, एकटेपणा अशा ज्ञात खुणांवरून आत्महत्येचा अंदाज किती बांधता येतो, हा प्रश्न होता. उत्तर आलं : नाणं उडवून सांगण्यापेक्षा जेमतेम बरा. ज्यांना ‘कमी धोका’ या रकान्यात टाकलं होतं, जवळपास निम्मे मृत्यू त्यांच्यातच होतात, हेही वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणूनच उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत स्वच्छ सांगितलं की आत्महत्येचं भाकीत करण्यासाठी प्रश्नावल्या आणि गुण मोजणाऱ्या पट्ट्या वापरू नका, आणि ‘कमी-मध्यम-जास्त’ अशी वर्गवारी करून उपचार कुणाला द्यायचे ते ठरवू नका.

भाकीत जमत नाही याचं एक कारण गणिताचं आहे, ते वर आलं. दुसरं कारण मनाचं. मरावंसं वाटणं भरती-ओहोटीसारखं असतं. सकाळी अकराला डॉक्टरांसमोर बसलेला माणूस आणि रात्री अकराला घरात भांडण होऊन बसलेला तोच माणूस, या दोघांच्या मनःस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. सकाळी तो खोटं बोलत नव्हता. ‘आता बरं वाटतंय’ हे तेव्हा खरं होतं.

हे समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मैत्रीण ज्या ‘थँक यू’चा कीस पाडत होती, त्याचा अर्थ मृत्यूनंतर बदलला होता. आधी तो शब्द निरोपाचा नव्हता. मागे वळून पाहिलं की प्रत्येक खूण ठळक दिसते, कारण शेवट आपल्याला माहीत असतो. पुढे पाहताना तशाच खुणा शंभर माणसांच्या बोलण्यात असतात.

मग करायचं काय?

भाकीत करता येत नाही म्हणजे हात टेकायचे असं नाही. याच भरती-ओहोटीत संधी आहे. लाट ओसरेपर्यंत माणूस टिकला तर तो जगण्याची शक्यता खूप वाढते. म्हणून ‘हा मरेल का?’ या प्रश्नात अडकण्यापेक्षा ‘याची पुढची वाईट रात्र कशी पार पडेल?’ या प्रश्नावर काम करायचं.

त्यासाठी आधी सरळ विचारावं लागतं. ‘मरून जावं असं वाटतं का? कसं, कधी, याचा विचार येतो का?’ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती अनुभवी लोकांच्याही मनात असते. अभ्यासांत तिला आधार सापडत नाही. उलट कुणीतरी न घाबरता विचारलं याचाच अनेकांना दिलासा वाटतो. अडचण शब्दांची नसते, विचारणाऱ्याच्या चेहऱ्याची असते. उत्तर ‘हो’ आलं तर काय करू, या धास्तीने विचारलेला प्रश्न समोरच्याला लगेच ओळखू येतो आणि तो ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

घरचे लोक बहुतेकदा शपथ घालतात. ‘माझ्या गळ्याची शपथ, असं काही करणार नाहीस.’ दवाखान्यातही पूर्वी याच धर्तीवर रुग्णाकडून लेखी वचन घ्यायची पद्धत होती. त्याचा उपयोग होतो असं दिसलेलं नाही. वचन दिलेला माणूस पुढच्या वेळी मोकळेपणाने बोलत नाही, एवढंच होतं.

त्यापेक्षा सेफ्टी प्लॅन कामाचा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो बेतला. एक कागद असतो, रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत लिहिलेला. लाट येते आहे हे मला कशावरून कळतं? ‘रात्री जेवण नको होतं, मोबाइल उलटा ठेवून बसतो.’ एकट्याने काय केलं की जरा बरं वाटतं? ‘अंघोळ. भीमसेनांचे अभंग. ओट्यावरची भांडी.’ मन दुसरीकडे वळेल अशी जागा आणि माणसं कोणती? ‘कोपऱ्यावरची चहाची टपरी. क्रिकेटवाली पोरं.’ खरं सांगावं असं कोण आहे? ‘मावसभाऊ. आईला नको.’ मग उपचार करणाऱ्यांचे आणि हेल्पलाइनचे नंबर. आणि शेवटी, घरातल्या धोक्याच्या गोष्टी कुणाच्या ताब्यात द्यायच्या. ‘आईला नको’ असं कागदावर लिहिता येणं, यातच त्या कागदाची खरी किंमत आहे. २०१८ साली छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये तातडीच्या विभागात आलेल्यांना हा प्लॅन करून दिला आणि नंतर फोन करून विचारपूस चालू ठेवली. नेहमीची सेवा मिळालेल्यांच्या तुलनेत पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी आढळलं.

फोनचा भाग कुणी किरकोळ समजू नये. मानसोपचाराच्या वॉर्डातून डिस्चार्ज मिळाल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घरच्यांना वाटतं, ‘चला, बरा होऊन आला.’ शेजारी चौकशी करून जातात, औषधांच्या गोळ्या मोजल्या जातात, आणि माणूस आतून अजून कोवळाच असतो. त्या काळात सिस्टरचा एक फोन, पहिला फॉलो-अप महिन्याने न देता चार दिवसांनी देणं, औषधं थोड्या दिवसांचीच देणं, अशा साध्या गोष्टींना मोल आहे.

शिवाय सगळा भार दवाखान्यावर नाही. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास घटलं. ते जीव वाचवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना एकाही रुग्णाचं नाव माहीत नव्हतं. आत्महत्या रोखणं म्हणजे एका खोलीत समोरासमोर बसलेल्या दोघांचं काम, ही समजूतच मुळात अपुरी आहे, आणि त्या खोलीतल्या एकीवर सगळा दोष टाकणं तर साफ चूक आहे.

नंतर

एवढं सगळं करूनही रुग्ण जातो. आणि मग?

स्कॉटलंडच्या त्याच पाहणीत हेही विचारलं होतं की मदत कशाची झाली. सहकारी आणि घरचे लोक, हे उत्तर सर्वांत वर होतं. टीमने एकत्र बसून झालेल्या घटनेचा आढावा घेणंही उपयोगी पडलं. कायदेशीर आणि शिस्तभंगाच्या कारवायांचा मात्र उपयोग झाला नाही.

सहकारी म्हणजे नक्की काय करणारे सहकारी? आधी बातमी कशी कळते ते पाहा. रेसिडेंट डॉक्टरला ती व्हॉट्सॲप ग्रुपवर कळता कामा नये. वरिष्ठाने समोर बसून सांगावं, आणि त्या दिवशीची ओपीडी दुसऱ्याने बघावी. शिकाऊ डॉक्टरांना हा धक्का जास्त खोल लागतो, कारण ‘मी या कामाच्या लायकीचा नाही’ हे मत खोडून काढायला त्यांच्याकडे जुनी शिदोरी नसते. रात्रपाळीच्या सिस्टरला, वॉर्डातल्या मामांना आणि मावशींनाही सांगायचं असतं. डॉक्टर दिवसातून दहा मिनिटं भेटतात. रुग्णाला चहा देणारी, ‘जेव रे बाबा’ म्हणणारी मावशी असते. शोकाच्या यादीत तिचं नाव कुणी घालत नाही. वॉर्डातल्या इतर रुग्णांनाही कुजबुजीतून कळण्याआधी सरळ, थोडक्यात सांगावं आणि त्यांच्याकडे त्या दिवसांत जास्त लक्ष द्यावं.

दुसरी गोष्ट, बोलायची सक्ती नको. धक्क्यानंतर सगळ्यांना लगेच एका खोलीत बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणण्याची एक पद्धत होती. तिने फायदा होतो असं अभ्यासांत दिसलं नाही, काहींना त्रासच होतो. दार उघडं ठेवावं, आत ओढू नये. कुणी दुसऱ्याच दिवशी बोलेल, कुणी तीन महिन्यांनी, कुणी वर्षश्राद्धाच्या तारखेच्या आसपास अचानक. पण झोप, खाणं, काम सगळंच अनेक आठवडे विस्कटलेलं राहिलं तर उपचार करणाऱ्यानेही उपचार घ्यावेत. हे लिहायला सोपं आहे. मानसोपचाराच्या क्षेत्रात हे मान्य करायला लोकांना फार जड जातं.

आढावा बैठकीबद्दल माझं मत ठाम आहे. ती लगेच पहिल्या दिवसांत घेऊ नये, आणि तिचा पहिला प्रश्न ‘कुणाचं चुकलं?’ हा नसावा. ‘त्या दिवशी आपल्याला काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं?’ इथून सुरुवात करावी. खरोखर चूक झाली असेल, फॉलो-अप निसटला असेल, फोन कुणी उचलला नसेल, तर तेही त्याच बैठकीत निघालं पाहिजे. दोष झाकणं हा आधार नव्हे. पण बहुतेकदा दिसतं ते असं की चूक एका माणसाची नसून दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीतली असते.

भीतीचे परिणाम पुढच्या रुग्णांना भोगावे लागतात. होरपळलेले डॉक्टर मग जरा शंका आली की ॲडमिट करतात, मरणाचा विषय निघाला की पान उलटतात, किंवा असे रुग्ण घेणंच थांबवतात. यावर मँचेस्टर विद्यापीठातल्या गटाचं २०१६ मधलं काम मला फार बोलकं वाटतं. त्यांनी इंग्लंडमधल्या मानसोपचार सेवांचा १९९७ ते २०१२ असा मोठा काळ तपासला. वॉर्ड सुरक्षित करणं, प्रशिक्षण, घरापर्यंत पोचणारी सेवा या सुधारणांनी आत्महत्या कमी झाल्याच. पण त्यांचा परिणाम जास्त कुठे दिसला? जिथले कर्मचारी नोकरी सोडून फारसे जात नव्हते, आणि जिथे घडलेल्या घटनांची नोंद मोकळेपणाने होत होती तिथे. माणसं टिकवणं आणि लपवाछपवी न लागणं, म्हणजेच उपचार करणाऱ्यांना सांभाळणं हा आत्महत्या रोखण्याच्या कामाचाच भाग आहे.

आपल्याकडे हे सांभाळणं कुणी करायचं? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जण आत्महत्येने गेले, त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. आणि देशात एक लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ पाऊणसुद्धा जेमतेम. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे निदान टीम असते. तालुक्याच्या गावी क्लिनिक चालवणारे डॉक्टर एकटेच असतात. विदर्भ-मराठवाड्यात प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन खचलेल्या शेतकऱ्यांची विचारपूस करतात. ज्या घरी आशाताई गेल्या आठवड्यात बसून आली, त्याच घरातली तिरडी तिच्या दारावरून जाते. तिच्याशी कोण बोलतं? जिल्ह्यातल्या चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा ठरवून भेटणं, एक ज्येष्ठ माणूस अशा प्रसंगी फोनवर हक्काने असणं, यासाठी सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही.

कायद्याची भीतीही थोडी उलगडून बघू. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असं गृहीत धरायचं असतं आणि तिला शिक्षा करायची नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. तेव्हा रुग्णाने ‘प्रयत्न केला होता’ हे केस पेपरवर लिहायला कचरू नये. मृत्यूनंतर पंचनामा होतो, पोलिस उपचार करणाऱ्यांचा जबाब घेऊ शकतात. जबाब घेतला म्हणजे आरोप झाला असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं आहे की डॉक्टरच्या निर्णयात चूक निघाली एवढ्याने तो निष्काळजीपणा ठरत नाही, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तो निष्काळजीपणा ढोबळ, गंभीर असावा लागतो. एक पथ्य मात्र कडक पाळावं : बातमी कळल्यानंतर जुन्या नोंदीत एक अक्षरही बदलू नये. जे नंतर आठवलं ते, ज्या दिवशी लिहितो त्या दिवसाची तारीख घालून वेगळं लिहावं.

घरच्यांना भेटायला जावं का, हा प्रश्न मैत्रिणीनेही विचारला होता. कुणीतरी तिला सांगितलं होतं, अजिबात जाऊ नको, अंगाशी येईल. मला वाटतं, आधी फोन करून विचारावं आणि घरच्यांना चालणार असेल तर जावं. दुःख सांगणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. स्पष्टीकरणं देऊ नयेत, रुग्णाने विश्वासाने सांगितलेलं काही उघड करू नये. ते चिडले तर ऐकून घ्यावं. मैत्रीण दहाव्यानंतर त्या तरुणाच्या घरी जाऊन आली. त्याच्या आईने पाणी आणून दिलं आणि विचारलं, “तुमच्याकडे येऊन आला की तो दोन दिवस बरा असायचा. काय बोलायचा हो?” मैत्रिणीने एवढंच सांगितलं की तो आईबद्दल खूप बोलायचा.

(मनात मरणाचे विचार येत असतील, किंवा घरात कुणाबद्दल काळजी वाटत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि फोनला पैसे पडत नाहीत. उपचार करणाऱ्यांनीही तो लावायला हरकत नाही.)

त्याच्या घरून परत आल्यावर मैत्रिणीने सगळ्यांत आधी रिसेप्शनवरच्या मुलीला हाक मारली. क्लिनिकच्या कॉम्प्युटरवरून अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी आपोआप मेसेज जातो, आणि नंबर घरातला दिलेला होता. त्याची पुढची वेळ गुरुवारी सकाळी अकराची होती. दोघींनी मिळून ती काढली. ते गुरुवारचे अकरा मैत्रिणीने कुणाला दिले नाहीत, पुढचे चार आठवडे.